साडेचाळीस तास

७ सप्टेंबर

वहिनींना नमस्कार.

अक्षर ओळखलंत की नाही, ठाऊक नाही. बारा वर्षांनी लिहितोय. दादा गेल्याचं कळलं तेव्हा दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, पण आलो नाही. सख्खा नसलो तरी चुलतभाऊ होतो, यायला हवं होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, तेव्हा ते राहू द्या.

परवा आत्याचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली की तुम्ही दादाचं विमान विकायला काढलंय आणि गिऱ्हाईक मिळत नाहीये. ते दोन माणसांचं छोटं, तेच ना? मला ते घ्यायचंय. हसू नका. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून होतं तेव्हा साडेसात वाजलेले असतात आणि पुढे अख्खा दिवस पडलेला असतो.

एक मात्र आहे. विमा कंपनीत बसून मी जन्मभर लोकांचे दावे तपासले. कागद पाहिल्याशिवाय हा माणूस भाजीसुद्धा घेत नाही, असं ऑफिसात म्हणायचे, आणि ते फारसं चूक नव्हतं. जुनं विमान घ्यायचं तर नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, उड्डाणयोग्यतेचा दाखला लागतो, वजनाचा तक्ता लागतो. विमानाचं लॉगबुक वेगळं आणि इंजिनाचं वेगळं, दोन्ही लागतात. शिवाय कारखान्याने वेळोवेळी धाडलेल्या सूचना पाळल्याची नोंद. आणि विकणारा दादा नसून तुम्ही आहात, म्हणून तुमचा वारस दाखला. जसजसं सापडेल तसतसं पाठवा. प्रती नकोत, मूळ कागद हवेत.

तुमचा,
भाऊजी


१३ सप्टेंबर

भाऊजी,

अक्षर ओळखलं. इतकं ओळीत चालणारं अक्षर आपल्या घराण्यात दुसऱ्या कोणाचं असणार? पाकीट टेबलाशी बसून उघडलं.

हसले नाही. एकटं माणूस हसायला लागलं की शेजारचे घाबरतात.

विमान तुम्ही घेणार असाल तर लवकर काय ते करा. धावपट्टीच्या मालकाने सांगितलंय, हँगरमधली जागा गेलेल्या माणसाच्या नावावर ठेवता येत नाही. कागदांसकट नवा मालक उभा राहिला तर जागा त्याच्या नावावर करून देईन, नाहीतर ३१ डिसेंबरला भंगारात काढीन, म्हणाला. भंगारवाला येऊनही गेला. माझ्यासमोर टेप लावून त्याने पंख मोजले आणि कुठे कापायचे तिथे खडूने रेघ मारली. तो गेल्यावर ओल्या फडक्याने रेघ पुसली, तर रंग थोडा फिका झाला तिथे.

नोंदणी, दाखला, वजनाचा तक्ता आणि विमानाची वही सीटमागच्या प्लास्टिकच्या पिशवीत होती, ती पाठवतेय. ह्यांच्या सगळ्या वस्तू घरात कुठेही पडलेल्या असायच्या. एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. पण विमानाचे कागद मात्र जिथल्या तिथे. वारस दाखल्यासाठी कचेरीत अर्ज दिलाय. तिथला कारकून म्हणाला, एक महिना. मी म्हटलं, एका महिन्यात माझं नातं बदलणार आहे का? तो वर बघायलासुद्धा तयार नाही.

इंजिनाची वही सापडत नाही.

वहिनी


२४ सप्टेंबर

वहिनी,

कागद पोचले. चारही अस्सल आहेत. वार्षिक तपासणी दोनदा चुकलीय, ते अपेक्षितच होतं. वजनाच्या तक्त्यावर दादाने पेन्सिलीने दोन आकडे लिहून ठेवलेत, डावी सीट चौऱ्याहत्तर किलो, उजवी सीट अठ्ठावन्न. उजवी तुमची असणार. अशा कागदावर पेन्सिल चालत नाही, पण मी ते खोडलेलं नाही.

विमानाचं लॉगबुक दोन रात्री वाचलं. शेवटची नोंद गेल्या वर्षीच्या तेवीस मार्चची, रविवारची. इंजिनाचे एकूण तास पाचशे एकाहत्तर पूर्णांक चार. शेरा, 'हवा छान, उजवीकडची खिडकी खडखडते.' पुढची पानं कोरी. ती कोरी पानंही मी उगाच शेवटपर्यंत उलटली.

इंजिनाचं लॉगबुक मात्र सापडायलाच हवं. त्याच्याशिवाय ते इंजिन म्हणजे बेवारस माणूस, कुठून आलं, काय भोगलं, कोणी दुरुस्त केलं, काही कळायला मार्ग नाही. नोंदणी कचेरी फाइल उघडणारसुद्धा नाही. आणि मग भंगारवाल्याचा खडू आहेच. सीटमागची पिशवी पुन्हा पाहा. चष्मा जिथे होता तिथे पाहा.

इथे सगळं ठीक. खालच्या दुकानदाराने दुकान बंद केलं, त्यामुळे दिवसभर शटरचा आवाज नाही. इतकी वर्षं त्या आवाजाला शिव्या घातल्या, आता त्याच्यावाचून चुकल्यासारखं वाटतं.

भाऊजी


२ ऑक्टोबर

भाऊजी,

फ्रीज पाहिला. नाही.

कारखान्याच्या सूचनांची फाइल पाठवतेय. ह्यांनी प्रत्येक सूचनेखाली 'केलं' असं लिहून सही केलीय. घरातला नळ गळतोय हे मी तीन वर्षं सांगत होते, त्याच्याखाली मात्र कधी 'केलं' आलं नाही.

तुम्ही माझ्याकडे इतके कागद मागता, तर एक मीही मागते. तुमचा डॉक्टरी दाखला काढलात का? ह्यांना दर दोन वर्षांनी लागायचा. डोळे, कान, छाती, सगळं बघायचे. तुम्ही ह्यांच्याहून चारच वर्षांनी लहान, म्हणजे आता काही कोवळे नाही.

आणि एक. तुम्ही बारा वर्षं बोलला नाहीत त्याचं कारण मला ठाऊक आहे. दोघांनी मिळून विमान घ्यायचं ठरलं होतं. सगळं जुळून आलं होतं आणि तुम्ही म्हणालात, आधीच्या मालकाच्या आधीच्या मालकाचं विक्रीखत पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. सहा आठवडे गेले. ह्यांचा धीर सुटला, त्यांनी एकट्यानेच घेतलं. चूक कोणाची ते मला सांगता येणार नाही. पण विमान आणलं त्या दिवशी हे आनंदात नव्हते. हँगरच्या दाराशी उभे राहून म्हणाले, तो असायला हवा होता. हे तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. राहून गेलं.

वहिनी


२१ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र लिहायला दोन दिवस घेतले.

तुमच्या धावपट्टीवर महिन्यातून एकदा सोमवारी मेकॅनिक येतो, त्याला मी विमान वरवर बघून यायला सांगितलं होतं. त्याने मीटरचा फोटो पाठवलाय. इंजिन चालू असलं की हे मीटर फिरतं, बंद झालं की थांबतं, दुसरं काही त्याला येत नाही. मीटरवर सहाशे अकरा पूर्णांक नऊ आहेत. लॉगबुकात शेवटी पाचशे एकाहत्तर पूर्णांक चार. मधले साडेचाळीस तास कुठे गेले?

दावे तपासताना मी एक गोष्ट शिकलो. वही हरवत नाही, हरवली जाते. दादाने साडेचाळीस तास न लिहिता विमान उडवलं, दुसरा अर्थ लागत नाही. साडेचाळीस तास म्हणजे एखाददुसरी फेरी नव्हे. कुठे जात होता, कोणाला घेऊन जात होता, आणि लिहून ठेवण्याची लाज का वाटत होती? इंजिनाचं लॉगबुक म्हणूनच सापडत नाही का? तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा, माहीत नसेल तर माफ करा. पण मला न सांगता त्याने विमान घेतलं होतं, तेव्हा न सांगता उडवणंही त्याला जड गेलं नसणार.

माझ्या डॉक्टरी दाखल्याचं माझं मी बघेन.

भाऊजी


२५ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पत्र काल आलं. वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मभर लोकांना लबाड समजून पगार घेतलात, ते आता घरच्या गेलेल्या माणसावरही आळ घ्यायला निघालात. हे असते तर हसले असते. मी हसणार नाही.

इंजिनाची वही या पाकिटात आहे. ती कधी हरवली नव्हती. माझ्या उशाजवळच्या कपाटात होती. ह्यांचं अक्षर दुसऱ्या कशावर इतकं नाहीये. पत्रं त्यांनी कधी लिहिली नाहीत, आम्ही कधी वेगळे राहिलोच नाही तर लिहिणार कशाला? वही विमानाबरोबर जाते, कायमची जाते, हे मला ठाऊक होतं. म्हणून नाही सापडली.

आणि साडेचाळीस तास माझे आहेत.

हे म्हणायचे, इंजिन बसून राहिलं की आतून गंजतं, दर रविवारी त्याला गरम करायला हवं. म्हणून दर रविवारी उडायचे. हे गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, तीस मार्चला, घरात बसवेना. हँगरवर गेले. रविवारी तिथे म्हातारा वॉचमन सोडून कोणी नसतं. मला उडवता येत नाही, पण चावी, चोक, ब्रेक एवढं ह्यांच्या शेजारी बसून कळलं होतं. चाकांपुढे ठोकळे लावले, इंजिन चालू केलं आणि माझ्या सीटवर, उजवीकडे, अर्धा तास बसले. मग बंद केलं आणि घरी आले. त्या रात्री झोप लागली.

तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. मे महिन्यात ताप होता तेवढा एक. एक्क्याऐंशी रविवार, अर्धा अर्धा तास. तुम्हीच गुणून बघा. पेट्रोल पंपावरचा माणूस विचारायचा, एवढं पेट्रोल कॅनमध्ये नेऊन करता काय? जनरेटर आहे, म्हणून सांगायचे.

हेडफोन लावला की आपण बोललेलं आपल्याच कानात येतं. दुसरं कोणीतरी बोलतंय असं वाटतं. आठवडाभराचं सगळं मी तिथे सांगायचे. नळाचंसुद्धा.

वेडी झाले असं वाटत असेल तर वाटू दे. पण ह्यांच्या नावाला डाग नको. आज रविवार आहे आणि मी गेले नाही. तुमचं पत्र वाचून पाय उचललाच नाही.

वहिनी


५ नोव्हेंबर

वहिनी,

मी गुणून बघितलं. बरोबर साडेचाळीस. माझी लाज वाटली म्हणून नाही, सवयीने गुणलं. लाज त्यानंतर वाटली, आणि अजून गेलेली नाही. मला माफ करा. दादालाही मला हेच म्हणायचंय, पण ते आता कुठे आणि कसं म्हणायचं?

तुम्ही वेड्या नाही. मी इथे महिन्यातून एकदा येणाऱ्या वीजमीटरवाल्यासाठी चहा करून ठेवतो. तो थांबत नाही, तरी करतो.

आता कामाचं. त्या साडेचाळीस तासांची नोंद इंजिनाच्या लॉगबुकात व्हायलाच हवी. नियम असा की ज्याने इंजिन चालवलं त्याने स्वतःच्या हाताने लिहावं, प्रत्येक वेळ वेगळ्या ओळीत. म्हणून वही परत पाठवतोय. दादाच्या शेवटच्या नोंदीखाली एकही ओळ न सोडता लिहायचं. तारीख, मिनिटं, कारण, चालवणारा, सोबत, सही. सगळे रकाने भरा, शाईने. घाई नाही, म्हणजे आहे, पण दोन आठवडे घ्या.

आणि तूर्त इंजिन चालू करू नका. मेकॅनिक डिसेंबरच्या सुरुवातीला ते उघडून तपासणार आहे. तोवर तसंच राहू दे. रविवारी दुसरं काहीतरी करा. काय करायचं ते मला विचारू नका, मलाही सुचत नाही.

भाऊजी


१९ नोव्हेंबर

भाऊजी,

लिहिलं. एक्क्याऐंशी ओळी, अकरा दिवस लागले. ह्यांच्या ओळीखाली पहिली ओळ लिहायलाच तीन दिवस गेले. ह्यांच्या वहीत मी कधी किराणा मालाची यादीसुद्धा लिहिली नव्हती. लिहिताना तीस मार्चच्या तारखेवर शाईचा ठिपका पडलाय, तो चालेल का?

कारण या रकान्यात काय लिहू कळेना. शेवटी 'देखभाल' लिहिलं.

वारस दाखलाही आला. त्यावर कारकुनाने नातं लिहिलंय, 'पत्नी (होती)'. मी म्हटलं, कंसातलं खोडा. तो म्हणाला, बाई, तसाच नमुना आहे. सोबत जोडलाय.

वहिनी


२५ नोव्हेंबर

वहिनी,

ठिपका चालेल.

वही तपासली. तारखा बरोबर, बेरीज बरोबर. एक बाब आहे, आणि ती लिहिताना मला अवघड होतंय. पहिल्या नऊ ओळींत 'सोबत' या रकान्यात तुम्ही 'हे' लिहिलंय आणि मग खोडलंय. दहाव्या ओळीपासून रकाना कोरा आहे. लॉगबुकात खाडाखोड असेल तर प्रत्येक खोडलेल्या शब्दाशेजारी लिहिणाऱ्याची सही लागते. त्याशिवाय कचेरी वही नाकारते. मी स्वतः अशा कारणांवरून माणसांचे दावे परत पाठवलेत, तेव्हा त्या खोडलेल्या शब्दांमागे कोण आहे याचा विचार केला नाही.

वही पुन्हा पाठवतोय. नऊ ठिकाणी सही करा आणि सरळ मेकॅनिकच्या पत्त्यावर धाडा, इंजिन उघडताना ती त्याच्या हाताशी हवी. कराल ना?

भाऊजी


८ डिसेंबर

साहेबांस,

काल तुमचं पत्र मिळालं. अहवालातला इंजिनाच्या आतल्या भागाचा मजकूर गाळावा, असं तुम्ही लिहिलंत. ते होणार नाही. सही माझी आहे. वीस वर्षं मी या एका सहीवर पोट भरतोय.

जे दिसलं ते लिहिलंय. जमिनीवर मंद गतीने थोडा थोडा वेळ चालवल्यामुळे तेल पुरेसं तापलंच नाही, आतलं पाणी उडून गेलं नाही. चारही सिलिंडरना गंज, कॅम खाल्लेला. नुसतं झाकून, तेल भरून ठेवलं असतं तर आज इतकं बिघडलं नसतं. इंजिन उड्डाणाच्या लायकीचं नाही. जमिनीवर चालेल, वर नेलं तर माणूस मरेल.

बाईंना कळू नये असं तुम्हाला का वाटतं ते मी विचारत नाही. पण अहवालावर जुन्या मालकाची म्हणजे त्यांची सही लागतेच. तुमच्यासारख्या माणसाला हे मी सांगायला नको.

मेकॅनिक


११ डिसेंबर

वहिनी,

आनंदाची बातमी. इंजिन उघडून पाहिलं, ठणठणीत आहे. मेकॅनिक म्हणाला, कोणीतरी जिवापाड सांभाळलंय. तुमच्या रविवारांचं सार्थक झालं.

सोबत विक्रीखत आणि इतर चार कागद आहेत. जिथे सही हवी तिथे मी पेन्सिलीने फुली मारलीय. वाचत बसू नका, नेहमीचाच कंटाळवाणा सरकारी मजकूर आहे, तुमचे डोळे दुखतील. फुलीवर सह्या करा आणि लगेच परत पाठवा, म्हणजे महिनाअखेरीच्या आत सगळं आटपेल आणि भंगारवाल्याला तोंड काळं करायला सांगता येईल.

भाऊजी


१६ डिसेंबर

भाऊजी,

तुम्ही मला कागद वाचू नका म्हणालात. तुम्ही. म्हणून आधी वाचायलाच बसले.

चौथा कागद वाचला. दोनदा वाचला. कॅम म्हणजे काय ते कळलं नाही, बाकी सगळं कळलं. म्हणजे मी गेलेच नसते तर ते नीट राहिलं असतं. नुसतं झाकून ठेवायचं होतं. एवढंच करायचं होतं, आणि तेवढं मला जमलं नाही. ह्यांची एक वस्तू माझ्या हातात राहिली होती, तीही मीच खाल्ली. वाटायचं, ह्यांचं काम मी पुढे चालवतेय. प्रत्येक रविवारी घरी येताना बरं वाटायचं हो, त्याचंच आता सगळ्यात वाईट वाटतं.

तुमच्यावर रागावले नाही. तुम्ही जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलंत, ते माझ्यासाठी, एवढं समजतं मला. पण धड करताही आलं नाही तुम्हाला. खोटं बोलणारा माणूस 'सार्थक' वगैरे शब्द वापरत नाही.

अहवालावर सही केलीय, कारण तो खरा आहे. विक्रीखतावर केली नाही. तुम्हाला उडायचंय आणि मी उडता न येणारं विमान तुमच्या गळ्यात बांधणार नाही. तुमची इतक्या वर्षांची हौस आहे, दुसरं कुठलंतरी चांगलं बघा. मी धावपट्टीच्या मालकाला कळवते. एकतीसला भंगारवाला आला की मी घरीच थांबेन, मला ते बघवणार नाही.

एवढे दिवस पत्रं आली, बरं वाटलं.

वहिनी


१९ डिसेंबर

वहिनी,

धावपट्टीच्या मालकाला कळवू नका. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांबा.

डॉक्टरी दाखला तुम्ही मागितला होतात आणि मी तुम्हाला तोडून बोललो होतो. तो दाखला नाही. कधी मिळणारही नाही. मे महिन्यात डॉक्टरांनी माझा डावा डोळा गेल्याचं सांगितलं. उजवाही धड नाही, गाडी चालवायलासुद्धा मनाई केलीय. सप्टेंबरात तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. विमान उडवायला मी कधी घेतच नव्हतो.

मग कशाला घेत होतो? दादाने ते घेतलं आणि मी त्याचं तोंड बघायचं सोडलं. बारा वर्षांत त्या विमानात एकदाही बसलो नाही. तो गेल्यावर मनात एकच गोष्ट राहिली, की एकदा हँगर उघडावं, विमान बाहेर काढावं, इंजिन चालू करावं आणि नुसतं आत बसावं. अर्धा तास, तास, जमेल तितकं. पण परक्याच्या विमानात जाऊन कोण बसू देणार? म्हणून ते माझं व्हायला हवं होतं, कागदोपत्री. मला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

तुमचं पंचवीस ऑक्टोबरचं पत्र मी जिन्यातच उघडून वाचलं. जे मी म्हातारपणी करायचं मनात योजून ठेवलं होतं, ते तुम्ही एक्क्याऐंशी वेळा करून मोकळ्या झाला होतात. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण न उडणारा माणूस विमान मागतोय म्हटल्यावर तुम्ही दिलं नसतंत.

काल मेकॅनिकला विचारलं, जमिनीवर किती दिवस चालेल? तो म्हणाला, जमिनीवर ना, दोघांना पुरून उरेल. मी माझ्याकडच्या अहवालावर लिहिलंय, उड्डाणास अयोग्य हे जाणून घेत आहे, जमिनीवर ठेवण्यासाठी. खाली सही केलीय. कचेरीला एवढं पुरतं, चौकशी करून घेतली. हँगरची जागाही माझ्या नावावर होईल. विमान तिथेच राहील, हलणार नाही.

तुम्ही काही खाल्लेलं नाही, वहिनी. मला हवं होतं तेवढं त्या इंजिनात शिल्लक आहे.

विक्रीखत पुन्हा पाठवतोय. या खेपेला फुली मारलेली नाही, सगळं वाचा आणि मगच सही करा. सत्तावीसला रविवार आहे. मी सकाळच्या बसने येतोय, दहापर्यंत पोचेन. दादाला काही सांगायचं राहिलंय, ते मला आत बसून सांगायचंय, आणि ते दुसऱ्या कोणासमोर मला जमणार नाही. तुमचंही तसंच असेल. तेव्हा आधी तुम्ही बसा. मी वॉचमनपाशी थांबेन. तुमचा अर्धा तास झाला की मला हाक मारा.

भाऊजी